पगार थांबतो, बाकीचं काय? निवृत्तीच्या तयारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या अनेकांशी माझं बोलणं होत आलं आहे. बहुतेकांचा पहिला प्रश्न पैशाचा असतो. दुसरा प्रश्न निघता निघता, दाराशी थांबून, जरा हळू आवाजात येतो: "पण दिवसभर करायचं काय?" तो दाराशी विचारलेला प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो, म्हणून या पानावर दोन्ही प्रश्नांना जागा दिली आहे.

निवृत्तीचं नियोजन म्हणजे शेवटी पैशाचंच नियोजन ना?

पैसा हा त्यातला एक भाग. नोकरी पगार देते हे सगळ्यांना दिसतं. ती आणखी काय काय देत होती, हे ती सुटल्यावर कळतं.

ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाचं एक गाव होतं. १९३० च्या सुमारास तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या संशोधकांनी तिथल्या जगण्याचा बारकाईने अभ्यास केला आणि १९३३ साली तो प्रसिद्ध केला. लोकांकडे आता वेळच वेळ होता आणि वाचनालयाची पुस्तकं फुकट मिळत होती. तरीही दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. संशोधकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या चालण्याचा वेगही मोजला. पुरुष रेंगाळत, थांबत थांबत चालत होते. बायका मात्र त्यांच्यापेक्षा झपाझप जात होत्या, कारण त्यांच्या हातचं घरकाम काही बंद पडलं नव्हतं.

बेकारी आणि निवृत्ती एक नव्हेत. निवृत्ती आधी ठाऊक असते, तिच्यात अपमान नसतो, आणि उत्पन्नाची काहीतरी सोय असते. पण याहोदांनी पुढे जी मांडणी केली ती निवृत्तांनाही तंतोतंत लागू पडते. त्यांच्या मते काम पगाराखेरीज पाच गोष्टी देतं: दिवसाला एक बांधणी, घराबाहेरच्या माणसांशी रोजचा संबंध, आपल्या एकट्याच्या आवाक्यापलीकडच्या कामात वाटा, चार लोकांत एक ओळख, आणि नियमितपणे काहीतरी करत राहण्याची सवय. पेन्शन यातली एकही गोष्ट भरून काढत नाही. मी नियोजन म्हणते ते या पाचांचं. पुढची बरीच उत्तरं फिरून याच पाच गोष्टींपाशी येतील.

तयारी कधी सुरू करावी?

पैशाची तयारी पहिल्या पगारापासून. चक्रवाढीला रकमेपेक्षा वर्षं जास्त लागतात, आणि गेलेली वर्षं नंतर कितीही पैसे ओतले तरी परत मिळत नाहीत.

बाकीची तयारी निवृत्तीच्या चार-पाच वर्षं आधी. मैत्री, व्यायाम, एखादं कौशल्य या गोष्टी निरोप समारंभाच्या दुसऱ्या दिवशी विकत आणता येत नाहीत. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली तर पाणी लागेपर्यंतचा काळ फार कठीण जातो.

मी प्रत्येकाला एक तालीम करायला सांगते. निवृत्तीआधी दोन-तीन आठवड्यांची सलग रजा घ्या आणि कुठेही प्रवासाला जाऊ नका. घरीच राहा. निवृत्तीनंतर जेवढं उत्पन्न असेल असा अंदाज आहे, तेवढ्याच पैशात ते दिवस काढा. कामाचे फोन घेऊ नका. पहिला आठवडा झोप भरून काढण्यात आणि कपाटं आवरण्यात जाईल. खरं चित्र दुसऱ्या आठवड्यात दिसतं: सकाळचे अकरा वाजलेत, पेपर वाचून झालाय, आणि कुणीही तुमची वाट पाहत नाही. त्या वेळी मनात जे येतं ते लिहून ठेवा. नियोजनाचा आराखडा त्या टिपणावरून जितका चांगला होतो तितका कुठल्याही तक्त्यावरून होत नाही.

किती पैसे साठले म्हणजे पुरेसे?

रकमेचा आकडा शोधण्याआधी खर्चाचा आकडा शोधा. पूर्ण एक वर्ष खर्च लिहून काढा. एखाददुसऱ्या महिन्याची नोंद फसवी असते, कारण विम्याचा हप्ता, घराची डागडुजी, घरातलं लग्नकार्य, दातांचे उपचार हे वर्षातून एकदाच डोकं वर काढतात. मग त्यातून नोकरीमुळे होणारे खर्च वजा करा आणि आरोग्याचा, फिरण्याचा, रिकाम्या वेळात हात सैल सुटण्याचा खर्च मिळवा. निवृत्तीनंतर खर्च आपोआप खूप कमी होतो हा समज निदान पहिल्या काही वर्षांत खरा ठरत नाही, कारण रजेच्या दिवशी आपण जसा खर्च करतो तसे सगळेच दिवस होतात.

त्यानंतर महागाई. यासाठी ७२ चा साधा हिशेब लक्षात ठेवा: ७२ ला महागाईच्या दराने भागलं की किती वर्षांत खर्च दुप्पट होईल ते ढोबळमानाने कळतं. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर १२ वर्षांत दुप्पट. म्हणजे साठाव्या वर्षी ज्या राहणीला १०० लागतात, त्याच राहणीला बहात्तराव्या वर्षी २०० आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी ४०० लागतील. पेन्शन ठरावीक असेल आणि महागाईबरोबर वाढत नसेल, तर पहिल्या वर्षी ती ऐसपैस वाटणार आणि पंधराव्या वर्षी आखडलेली. निवृत्तीच्या दिवशीचा जमाखर्च जुळतोय एवढं पाहून निश्चिंत झालेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना नंतर मुलांपुढे हात पसरताना होणारा संकोच फार जीवघेणा असतो. म्हणून हा मुद्दा मी पुन्हा पुन्हा सांगते.

आता साठ्याचा आकडा. अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ साली अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांच्या जुन्या परताव्यांवर हिशेब मांडून पाहिला. पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के रक्कम काढली आणि पुढे दरवर्षी ती महागाईएवढी वाढवत नेली, तर त्यांनी तपासलेल्या प्रत्येक कालखंडात पुंजी किमान ३० वर्षं पुरली. यावरून "वर्षाच्या खर्चाच्या २५ पट" हा प्रसिद्ध ठोकताळा आला. बेंगेन यांनी स्वतः पुढे तो दर थोडा वाढवला. तरी तो अमेरिकेच्या बाजाराच्या इतिहासावर उभा आहे, हे विसरू नका. जिथे महागाई जास्त आणि परतावे वेगळे, तिथे तो जसाच्या तसा लागू होत नाही. लवकर निवृत्त होणाऱ्यांना ३० पेक्षा जास्त वर्षं काढायची असतात. मी या आकड्याकडे सुरुवातीचा अंदाज म्हणून पाहते. त्यावर डोळे मिटून विसंबू नये.

पेन्शन किंवा घरभाडं असं नियमित उत्पन्न असेल तर २५ ने गुणायचं ते फक्त उरलेल्या तुटीला. हे लक्षात आल्यावर बऱ्याच जणांच्या छातीवरचा दगड उतरतो.

बाजार कोसळला तर? सगळे पैसे सुरक्षित ठेवीतच ठेवावेत का?

दोन्ही टोकं धोक्याची. सगळं ठेवीत ठेवलं की रक्कम जागच्या जागी राहते, पण तिची किंमत महागाई खात जाते. सगळं शेअर बाजारात ठेवलं तर निवृत्तीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली घसरण महागात पडते. का, ते उदाहरणाने पाहू.

दोघांकडे प्रत्येकी १००० आहेत आणि दोघंही दरवर्षाच्या सुरुवातीला ५० काढतात. पहिल्याला तीन वर्षांत अनुक्रमे उणे २०, अधिक १० आणि अधिक २५ टक्के परतावा मिळाला. दुसऱ्याला तेच आकडे उलट क्रमाने मिळाले. पैसे काढलेच नसते तर दोघांकडेही ११०० झाले असते. पण काढल्यामुळे पहिल्याकडे साधारण ९१४ उरतात आणि दुसऱ्याकडे ९६१. परतावे तेच, फक्त क्रम वेगळा. घसरलेल्या भावात विकावं लागलेलं परत वर चढायला शिल्लकच राहत नाही. हा फरक पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत वाढत जातो.

यावरचा उपाय साधा आहे: पैशाचे तीन डबे करा. येत्या दोन-तीन वर्षांच्या खर्चाची रक्कम अशा ठिकाणी ठेवा जिथे बाजाराचा वारा लागत नाही. मधल्या काळाची रक्कम मध्यम जोखमीत, आणि दहा वर्षांनंतर लागणारी रक्कम वाढीसाठी. बाजार पडलेला असताना पहिल्या डब्यातून खर्च करायचा आणि तिसऱ्याला हात लावायचा नाही. रात्री झोप लागणं हाही परताव्याचाच भाग आहे. तेव्हा प्रमाण ठरवताना शेजाऱ्याचं पाहू नका, आपल्या स्वभावाचं पाहा.

कर्ज शिल्लक असताना निवृत्त व्हावं का?

शक्यतो नाही. हप्ते फेडून मोकळं होणं हे निवृत्तीच्या आदल्या पाच वर्षांतलं पहिलं काम समजा.

मुलांना घरासाठी किंवा धंद्यासाठी निवृत्तीच्या पैशातून मदत करावी का?

हा प्रश्न विचारताना माणसांचे डोळे भरून येतात, म्हणून उत्तर सांभाळून देते, पण ठामपणे देते: आधी स्वतःच्या आणि जोडीदाराच्या शेवटच्या दिवसापर्यंतची सोय बाजूला काढा. त्यानंतर जे उरेल त्यातून मोकळ्या मनाने द्या. मुलांना घरासाठी कर्ज मिळू शकतं, त्यांच्यापुढे कमाईची वर्षं असतात. म्हातारपणाचा खर्च भागवायला तुम्हाला कर्ज कोण देणार? शिवाय आज सगळं देऊन टाकलं आणि दहा वर्षांनी त्यांच्यावरच अवलंबून राहावं लागलं, तर ती मदत त्यांनाच जड पडते. द्याल तेव्हा ती भेट आहे की उसने आहेत हे स्पष्ट बोला. अर्धवट बोललेल्या व्यवहारांनी नात्यांचं जितकं नुकसान होतं तितकं नकाराने होत नाही.

साठ किंवा पासष्ट हेच वय का? शरीर इतक्यात थकतं का?

नाही. हे आकडे शरीराने ठरवलेले नाहीत, कायद्याने ठरवलेले आहेत. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८९ साली, वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला तेव्हा वयाची अट ७० होती. १९१६ साली ती ६५ वर आणली गेली आणि पुढे तो आकडा इतर देशांच्या मनातही घर करून बसला. त्या काळी या वयापर्यंत पोचणारे कमी, आणि पोचल्यावर फार वर्षं जगणारे आणखी कमी. आज निवृत्तीनंतर वीस-पंचवीस वर्षांचं आयुष्य अनेकांच्या वाट्याला येतं. शाळा-कॉलेजात काढली त्याहून जास्त वर्षं! इतक्या मोठ्या काळाला "उरलेलं आयुष्य" म्हणायला माझं मन धजत नाही.

पहिले सहा महिने मजेत गेले. आता मात्र दिवस खायला उठतो. माझं काही चुकलं का?

काही चुकलेलं नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲचली यांनी १९७० च्या दशकात निवृत्तीचे टप्पे मांडले, त्यात हा टप्पा आहेच. आधी नवलाईचे दिवस: उशिरा उठणं, राहिलेले प्रवास, भेटीगाठी. मग भ्रमनिरास. मग स्वतःला नव्याने लावून घेणं, आणि शेवटी स्थिरावणं. सगळे जण याच क्रमाने जातात असं नाही, काहींना दुसरा टप्पा लागतच नाही. पण ज्यांना लागतो त्यांना वाटतं की आपल्यातच काहीतरी खोट आहे, आणि ते कुणाशी बोलत नाहीत. घरचे म्हणतात, "आता तर आरामच आराम आहे, तोंड का उतरलंय?" त्यामुळे तर बोलणं आणखीच बंद होतं.

मला स्वतःला हा टप्पा आठव्या महिन्यात लागला. सकाळी जाग नेहमीच्याच वेळी यायची आणि उठायचं कशासाठी हे कळायचं नाही. मी तेव्हा एकच गोष्ट केली: आठवड्यातल्या तीन दिवसांना प्रत्येकी एक ठरलेलं, घराबाहेरचं, दुसऱ्या माणसाशी बांधलेलं काम लावून घेतलं. "जमलं तर जाईन" असं एकही नाही. मी गेले नाही तर कुणीतरी फोन करून विचारेल, असं. हळूहळू उरलेल्या चार दिवसांनाही आकार आला. सगळे सातही दिवस भरून टाकायची गरज नसते. रिकामपण सुखाचं होण्यासाठी त्याला दोन्ही बाजूंनी काठ लागतो.

मात्र उदासी आठवडेन्आठवडे हटत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर तो निवृत्तीचा टप्पा समजून अंगावर काढू नका. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांकडे जा, आणि या विचारांबद्दल घरातल्या कुणाशी तरी त्याच दिवशी बोला.

"आपण काय करता?" या प्रश्नाला आता काय उत्तर देऊ?

पदावर असताना माणसं आपल्या खुर्चीलाही नमस्कार करत असतात. खुर्ची गेली की त्यातले किती नमस्कार आपल्याला होते हे कळतं, आणि ते कळणं बोचतं. जितकं पद मोठं तितकी ही बोच मोठी. पहिली काही वर्षं "मी अमुक ठिकाणी अमुक होतो" असं सांगणं स्वाभाविक आहे. पण उत्तरातली क्रिया हळूहळू भूतकाळातून वर्तमानकाळात यायला हवी: मी मुलांना गणित शिकवते, मी झाडं लावतो, मी जुन्या नोंदी उतरवून काढते. ज्या दिवशी हे वाक्य सहज तोंडातून निघतं, त्या दिवशी ओळखीचा प्रश्न बराचसा सुटलेला असतो.

मला कसलाच छंद नाही. मी काय करू?

छंद नसणं म्हणजे आवड नसणं नव्हे. तीस-पस्तीस वर्षं वेळच मिळाला नाही, एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो. बारा-तेराव्या वर्षी कशात तासन्‌तास रमत होतात ते आठवून पाहा. चित्रं, यंत्रं उघडून बघणं, गाणं, कुणाला तरी शिकवणं? धागा तिथे सापडतो.

पण फक्त छंदावर वीस वर्षं निघत नाहीत, हेही सांगायला हवं. स्वतःपुरती करमणूक काही काळाने पुरेनाशी होते. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी प्रौढ वयाची जी मोठी गरज सांगितली, ती पुढच्या पिढीसाठी काहीतरी घडवण्याची. आपल्याला येतं ते कुणाच्या तरी उपयोगी पडतंय, हे समाधान बागकामाच्या किंवा शब्दकोड्याच्या समाधानाहून वेगळ्या जातीचं असतं. म्हणून आठवड्यात एक गोष्ट अशी असू द्या जी तुमच्याकडून दुसऱ्याला मिळते, आणि एक अशी जी तुम्ही नव्याने शिकता आहात. शिकण्याला वय नसतं, हे कधीकाळी नुसतं म्हणायचं वाक्य होतं. १९७३ साली फ्रान्समधल्या तुलूझ इथे पिएर वेलास यांनी निवृत्तांसाठी "तिसऱ्या वयाचं विद्यापीठ" सुरू केलं आणि ती कल्पना अनेक देशांत पसरली. कुठे प्राध्यापक शिकवतात, कुठे निवृत्त मंडळीच एकमेकांना शिकवतात. नवशिक्या होण्यातला संकोच सोडता आला तर या वयात शिकण्यासारखं सुख नाही, कारण परीक्षा नसते.

आम्ही दोघं आता दिवसभर घरात असतो. सारखे खटके उडतात. हे कसं टाळायचं?

निवृत्तीचा हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. जपानमध्ये डॉक्टर नोबुओ कुरोकावा यांनी १९९१ साली निवृत्त नवऱ्यांमुळे आजारी पडणाऱ्या बायकांच्या तक्रारींना स्वतंत्र नावच दिलं होतं. त्या बायकांच्या दिवसाची घडी मोडली होती.

मारिएनथालमधल्या झपाझप चालणाऱ्या बायका आठवा. घर सांभाळणाऱ्या व्यक्तीची निवृत्ती कुणी जाहीर करत नाही. एक जण कायमचा रजेवर येतो आणि दुसरीचं काम उलट वाढतं: जेवणाच्या, पाण्याच्या, बोलण्याच्या वेळा बदलतात, आणि वर सूचना सुरू होतात. इतकी वर्षं जे घर तिच्या पद्धतीने चाललं, तिथे कार्यालयातली शिस्त आणण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरा. आधी महिनाभर नुसतं पाहा की घर चालतं कसं. मग एक-दोन कामं पूर्णपणे स्वतःकडे घ्या. "मदत" करू नका. मदतीत जबाबदारी दुसऱ्याचीच राहते आणि तुम्हाला काय हवं-नको ते तिलाच सांगत बसावं लागतं. काम घ्यायचं तर यादीपासून आवराआवरीपर्यंत सगळं घ्या. उलट बाजूने, घर सांभाळणाऱ्याने ते काम सोपवताना "अस्सं नाही, तस्सं" म्हणणं थांबवायला हवं.

दोघांनीही दिवसातले काही तास एकमेकांपासून वेगळे ठेवा: वेगळी खोली, वेगळे मित्र, वेगळं बाहेर जाणं. संध्याकाळी एकमेकांना सांगायला काहीतरी उरतं. आणि निवृत्तीआधीच दोघांनी आपापल्या मनातलं चित्र कागदावर लिहून एकमेकांना दाखवा. एकाच्या कागदावर रोजचा प्रवास असतो आणि दुसऱ्याच्या कागदावर शांतता. हे पस्तीस वर्षांच्या संसारानंतरही माहीत नसतं.

मी एकटी राहते, एकटा राहतो. माझं नियोजन वेगळं असावं का?

थोडं वेगळं. आजारपणात निर्णय कोण घेणार, घराची किल्ली कुणाकडे, रोज एकदा तुमची खुशाली कुणाला कळते, या तीन प्रश्नांची उत्तरं नावानिशी ठरलेली हवीत. बाकी एकटं राहणं आणि एकाकी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. भरल्या घरात एकाकी झालेली माणसं कमी नसतात.

मित्र कमी होत चालले आहेत. नवे मित्र या वयात होतात का?

होतात, पण त्यांना वेळ द्यावा लागतो. हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ साली सुरू केलेला आणि त्याच माणसांच्या मागे दशकानुदशकं राहिलेला एक अभ्यास आहे. ७२४ पुरुषांपासून तो सुरू झाला. त्याचे संचालक रॉबर्ट वाल्डिंगर सांगतात की ऐंशीव्या वर्षी कोण निरोगी असेल याचा अंदाज पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलवरून जितका येत नाही, तितका त्या वयात नात्यांमध्ये असलेल्या समाधानावरून येतो. मला यातला "पन्नाशीत" हा शब्द महत्त्वाचा वाटतो. म्हणजे कामावर असतानाच.

कार्यालयातली मैत्री रोजच्या भेटीवर जगते. भेट थांबली की त्यातली बरीचशी दोन वर्षांत विरते, आणि त्यात कुणाचा दोष नसतो. निवृत्त होण्याआधी त्यातली तीन-चार माणसं मनाशी निवडा आणि त्यांच्याशी कामाबाहेरचं काहीतरी सुरू करा. वय वाढतं तसं वर्तुळ लहान होणं वाईट नाही. मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेनसेन यांनी दाखवलं आहे की पुढचा वेळ मोजका आहे असं वाटू लागलं की माणसं आपणहून मोजकी, जिव्हाळ्याची नाती जवळ करतात आणि त्यात सुखी असतात. फक्त ते वर्तुळ सगळं आपल्याच वयाचं नसावं. दोन-तीन तरुण माणसं त्यात असू द्या.

आरोग्यासाठी किमान काय करावं?

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस स्पष्ट आहे: आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. बहुतेक जण चालतात आणि तिथेच थांबतात. पण म्हातारपणी पाय घसरून झालेली एक दुखापत माणसाला कायमची अंथरुणाला खिळवू शकते, आणि तिथे कामी येतात मांड्यांची ताकद आणि तोल. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठता येतं का, ते आजच पाहा.

दुसरं, कान. ऐकू कमी येतंय हे मान्य करायला माणसं वर्षानुवर्षं लावतात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाशी जोडलेले १४ टाळता येण्यासारखे धोके दिले आहेत. ते सगळे दूर झाले तर स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणं टाळता किंवा लांबवता येऊ शकतात असा त्यांचा अंदाज आहे. त्यात कमी ऐकू येणं, उपचार न केलेला नजरेचा अधूपणा, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान यांच्याबरोबर सामाजिक एकटेपणाही आहे. आणि कमी ऐकू येणारा माणूस गप्पांतून हळूहळू बाजूला सरतो, म्हणजे एका धोक्याचा दुसरा होतो. श्रवणयंत्र लावण्यात कसली लाज?

आरोग्य विमा नोकरीशी जोडलेला असेल तर निवृत्तीनंतर त्याचं काय होतं ते आधीच विचारा. आजार सुरू झाल्यावर नवा विमा महाग मिळतो किंवा मिळतच नाही.

निवृत्तीनंतर पुन्हा काम करावं का?

आवडत असेल तर जरूर करा. अर्धवेळ काम पैशाचा ताण हलका करतं आणि याहोदांच्या त्या पाचही गोष्टी एकदम परत देतं. फक्त एक पाहा: ते काम तुम्ही निवडलंय, की रिकाम्या दिवसाच्या भीतीने मिळेल ते धरलंय?

राहती जागा बदलावी का?

घाईने नको. सुटीत आवडलेली जागा आणि रोज राहण्याची जागा यांत खूप अंतर असतं. आधी तिथे भाड्याने सलग काही महिने राहून पाहा, तेही तिथल्या सर्वांत गैरसोयीच्या ऋतूत. दवाखाना किती दूर, गाडी चालवता येईनाशी झाल्यावर बाहेर कसं पडणार, ओळखीचं कोण आहे हे निसर्गसौंदर्याच्या आधी विचारा. शांत जागेच्या ओढीने माणसांपासून दूर गेलेल्यांना ती शांतता पुढे जड झालेली मी पाहिली आहे.

कागदपत्रांचं काय?

मृत्युपत्र करा, प्रत्येक खात्यावर आणि गुंतवणुकीवर वारसाची नोंद तपासा, आणि कुठे काय आहे याची एक वही जोडीदाराला किंवा विश्वासातल्या माणसाला दाखवून ठेवा. आपलं बोलणं बंद झालं तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हेही लिहा आणि बोला. एका सुटीच्या दिवसात बरंचसं काम होतं.

निवृत्तीची रक्कम हाती आल्यावर सल्ला देणारे अचानक वाढतात. जिथे "आजच सही करा" म्हणतात किंवा खात्रीने भरघोस परताव्याचं आश्वासन देतात, तिथून उठून या. पहिले सहा महिने ती रक्कम सुरक्षित खात्यात तशीच राहू द्या. त्या काळात काहीही बुडत नाही.

मला जेमतेम दोन वर्षं उरली आहेत आणि यातलं काहीच केलेलं नाही. उशीर झाला का?

काही बाबतींत झाला, ते खोटं कशाला सांगू? चक्रवाढीला आता वेळ नाही. पण तीन गोष्टी अजून हातात आहेत. जमलं तर एक-दोन वर्षं जास्त काम करा. त्याने साठवायला वर्षं वाढतात आणि साठ्यावर जगायची वर्षं कमी होतात, दुहेरी फायदा. दुसरं, राहणीचा खर्च आत्ताच निवृत्तीच्या पातळीवर आणा आणि उरतं ते बाजूला टाका. तिसरं, पूर्ण आणि एकदम निवृत्तीऐवजी आठवड्याचे दिवस कमी करत करत उतरता येतं का, ते वरिष्ठांना विचारा.

आणि याहोदांच्या पाच गोष्टींसाठी दोन वर्षं भरपूर झाली. या आठवड्यात एकच करा: बऱ्याच दिवसांत बोलणं न झालेल्या एका मित्राला फोन लावा आणि पुढच्या आठवड्यातली एक ठरलेली वेळ मागून घ्या.